पूर्वी राहिलेल्या शहरात परत जाताना: तयारी, जुने नकाशे आणि पायी शोध

पाऊलवाट

आयुष्यातली काही वर्षं जिथे काढली त्या शहरात पुष्कळ काळाने परत जाणं आणि एखादं नवं शहर बघायला जाणं, ही दोन निराळी कामं आहेत. नव्या शहराबद्दल डोकं कोरं असतं, म्हणून हातातल्या नकाशावर भागतं. जुन्या शहराचा नकाशा डोक्यात आधीच असतो. त्यातला काही भाग पक्का असतो, काही साफ चुकलेला, आणि पक्का कुठला व चुकलेला कुठला हे घरी बसून उमगत नाही. त्यामुळे बरेच जण जुनं घर आणि शाळा बघतात, 'सगळं बदललं' म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी परततात. खरं तर तयारीनिशी गेलं तर काय बदललं, काय टिकलं आणि काय आपल्याला तेव्हाही माहीत नव्हतं, या तिन्ही गोष्टी वेगळ्या काढता येतात. त्या तयारीसाठी हा धागा.

माझ्या मते पहिली पायरी अशी: कुठलाही नकाशा, उपग्रहचित्र किंवा रस्त्याचं चित्र उघडण्याआधी आठवणीतला नकाशा कागदावर उतरवून घ्या. एकदा आजचा नकाशा पाहिला की आठवण गुपचूप त्याच्याशी जुळवून घेते, आणि मग मूळ काय आठवत होतं ते परत मिळत नाही.

कागद मोठा घ्या, एथ्रीच्या आकाराचा. पेन्सिल वापरा. अर्धा तास पुरतो. घरापासून सुरुवात करा आणि परिसर न काढता वाटा काढा: घर ते शाळा, घर ते बाजार, घर ते बसथांबा. प्रत्येक वाटेवर डाव्या आणि उजव्या हाताला काय होतं ते क्रमाने लिहा. खात्री असेल तिथे अखंड रेघ, शंका असेल तिथे तुटक. काही आठवत नसेल तर जागा मोकळी सोडा, अंदाजाने भरू नका. ती मोकळी जागा पुढे फार उपयोगी पडते.

केविन लिंच या नगररचनाकाराने १९६० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकासाठी बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या रहिवाशांकडून असेच नकाशे काढून घेतले होते. माणसं शहर पाच गोष्टींच्या आधारे लक्षात ठेवतात असं त्याने मांडलं: वाटा, कडा (नदी, रेल्वेमार्ग, लांब भिंत), वस्त्या, चौक आणि खुणेच्या वास्तू. आपला कागद तयार झाला की या पाचांपैकी काय कमी आहे ते तपासा. बहुतेकांच्या नकाशात कडा राहून जातात, कारण कड ओलांडून पलीकडे जायची वेळच आलेली नसते.

या नकाशांत काही चुका ठरलेल्या असतात. तिरकी वळणं काटकोनात आठवतात. हळूहळू वळत जाणारा रस्ता सरळ आठवतो. पुष्कळ वळणांची वाट आहे त्याहून लांब वाटते. तेव्हा जागेवर गेल्यावर कोन चुकला म्हणून घाबरू नका. क्रम बरोबर आहे का ते पाहा. आठवणीत कोन आणि अंतर यांपेक्षा गोष्टींचा क्रम जास्त भरवशाचा असतो.

नकाशेवेडा

उत्तम सुरुवात. यानंतरचं काम म्हणजे तुम्ही राहत होतात त्या काळातला नकाशा मिळवणं. तो छापील असला तर सगळ्यात बरं. जुनी पर्यटन पुस्तिका, दूरध्वनी निर्देशिकेतला नकाशा, बसमार्गांचा नकाशा, पालिकेचा विकास आराखडा, सर्वेक्षण खात्याची शीट, काहीही चालेल. विकास आराखड्याबाबत मात्र एक पथ्य: त्यात प्रस्तावित रस्तेही काढलेले असतात आणि त्यांतले अनेक कधीच झालेले नसतात. आराखडा म्हणजे त्या वेळची स्थिती, असं समजू नका.

हा नकाशा आजच्या नकाशावर बसवायला क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. त्यात जिओरेफरन्सर नावाचं साधन आहे. नकाशा ३०० डीपीआयला स्कॅन करा. फोटो काढणार असाल तर काचेखाली सपाट दाबून, कॅमेरा बरोबर काटकोनात धरून काढा. मग जुन्या नकाशावरचा एकेक बिंदू आणि आजच्या नकाशावरचा तोच बिंदू अशा जोड्या द्यायच्या.

घोटाळा होतो तो बिंदू निवडताना. रस्त्यांच्या चौकांचे मध्य घेऊ नका. रुंदीकरणात मध्य सरकलेला असतो. जुनं प्रार्थनास्थळ, पुलाचं टोक, रेल्वे फाटक, दगडी इमारतीचा कोपरा हे चांगले. आठ ते बारा बिंदू घ्या आणि ते चारही कोपऱ्यांत पसरलेले असू द्या. सगळे बिंदू मध्यभागी दाटले तर कडेचा भाग वाटेल तसा ताणला जातो.

रूपांतराचा प्रकार विचारला जातो तेव्हा आधी पॉलिनॉमियल १ निवडा, तो सगळा नकाशा एकसारखाच फिरवतो आणि ताणतो. त्याला किमान तीन बिंदू लागतात, पण अधिक दिलेत तर प्रत्येक बिंदूची उरलेली चूक तक्त्यात दिसते. एखाद्याची चूक बाकीच्यांच्या तिप्पट-चौपट असेल तर तो बिंदू चुकीचा ओळखला आहे. थिन प्लेट स्प्लाइन हा प्रकार शेवटी वापरा. तो कागद कसाही वाकवून प्रत्येक बिंदू तंतोतंत जुळवतो, म्हणून चूक शून्य दिसते आणि चुकीचा बिंदू त्यात लपून राहतो. घडी पडलेल्या किंवा हाताने काढलेल्या नकाशाला तोच लागतो हे खरं, पण आधी पॉलिनॉमियलने बिंदू पारखून घ्या.

अचूकतेची अपेक्षा माफक ठेवा. १:१०,००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर दहा मीटर. कागद आकसतो, रेघही जाड असते. दहा-पंधरा मीटरचा फरक राहिला तर काम चोख झालं समजा. तयार झालेली जिओटिफ फाइल (चित्रासोबत त्याची जागाही साठवणारी) अ‍ॅव्हेन्झा मॅप्ससारख्या अ‍ॅपमध्ये टाकली की जुन्या नकाशावर आपला निळा ठिपका चालताना दिसतो. उंच इमारतींच्या गल्लीत ठिपका पलीकडच्या रस्त्यावर उडी मारतो, कारण उपग्रहाचे संकेत भिंतींवर आपटून येतात. तिथे ठिपक्याऐवजी चौकाच्या आकारावर भरवसा ठेवा.

ओसरी

वाचनखूण साठवली. पण ज्यांना संगणकावर हे जमणार नाही त्यांनी काय करावं? फक्त मोबाइल आणि छापील कागद एवढ्यावर काही होतं का?

नकाशेवेडा

@ओसरी, पुष्कळ होतं. गूगलचं स्ट्रीट व्ह्यू २००७ साली सुरू झालं आणि २०१४ पासून त्यात आधीच्या तारखांची चित्रंही बघता येतात. ज्या रस्त्यावरून गूगलची कॅमेऱ्याची गाडी एकदाच गेली तिथे अर्थात एकच तारीख मिळते. बघताना लक्षात ठेवा की तो कॅमेरा सुमारे अडीच मीटर उंचीवर असतो आणि भिंग रुंद कोनाचं. त्यामुळे कुंपणापलीकडचं दिसतं आणि रस्ता आहे त्यापेक्षा रुंद भासतो. 'रस्ता मोठा केला वाटतं' असा निष्कर्ष त्यावरून काढू नका.

त्याआधीच्या काळासाठी गूगल अर्थमधली ऐतिहासिक चित्रं. यात वेगवेगळ्या तारखांची चित्रं एकमेकांपासून काही मीटर सरकलेली असतात, आणि उंच इमारती प्रत्येक चित्रात वेगळ्या बाजूला कललेल्या दिसतात. इमारत ओळखायची तर छपराकडे न बघता जमिनीला टेकलेला कोपरा बघा.

तुम्ही १९६० ते १९७२ च्या आसपास तिथे राहत असाल तर कोरोना या अमेरिकी हेरगिरी उपग्रहांची चित्रं बघाच. ती १९९५ साली खुली झाली, आठ लाखांहून अधिक आहेत, आणि अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अर्थएक्स्प्लोरर या संकेतस्थळावर शोधता येतात. स्कॅन झालेली चित्रं मोफत उतरवता येतात, बाकीच्यांसाठी शुल्क भरून स्कॅन मागवावं लागतं. शेवटच्या कॅमेऱ्यांच्या चित्रांत दोनेक मीटरचा तपशील दिसतो, म्हणजे घर ठिपक्याएवढं का होईना दिसतं, मैदान आणि तळी तर स्वच्छ. फिल्मची पट्टी लांबट असल्याने टोकांकडचा भाग फार ताणलेला असतो. शक्यतो पट्टीच्या मध्यावर आपलं शहर येतं असं चित्र निवडा. लँडसॅट या अमेरिकी निरीक्षण उपग्रहांची चित्रं १९७२ पासूनची आहेत, पण १९८२ नंतरच्याही चित्रात एक ठिपका ३० मीटरचा. शहर कुठल्या दिशेला वाढलं ते त्यात कळेल, गल्ली दिसणार नाही.

कागदावर करायचं तर जुना नकाशा आणि आजचा नकाशा एकाच प्रमाणात छापा, एक ट्रेसिंग पेपरवर. दोन पक्के बिंदू जुळवून खिडकीच्या काचेवर धरा. काम झालं.

जोतं

नकाशांइतकंच जमिनीवर वाचायला मिळतं. पत्ता हरवला, इमारत पडली, तरी खुणा उरतात. फक्त नजर खाली आणि वर ठेवावी लागते.

सगळ्यात बोलकी खूण म्हणजे जोत्याची उंची. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो, आणि जुना खरवडून न काढता चढवला तर प्रत्येक वेळी रस्ता तीन ते पाच सेंटिमीटर वर येतो. असे दहा थर झाले की ३० ते ५० सेंटिमीटर, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या दोन-तीन पायऱ्या जमिनीत जातात. 'दाराला चार पायऱ्या होत्या' असं आठवतंय आणि समोर दीडच दिसते, तर आठवण चुकली असं लगेच ठरवू नका. पायरीच्या कडेला वाकून बघा. अर्धवट बुडालेली पायरी, उंबऱ्यापाशी नंतर बांधलेला पाणी अडवणारा छोटा कट्टा, तळाशी कापून आखूड केलेलं फाटक, जमिनीलगत आलेली तळघराची झरोक्याची जाळी, यांतलं काहीही सापडलं तर रस्ता वर आला आहे. शेजारच्या नव्या इमारतीचं जोतं आणि या घराचं जोतं यांतला फरक पायऱ्यांमध्ये मोजा, तुमचा आकडा जुळतो का बघा.

रुंदीकरण ओळखायचं तर जुनी झाडं बघा. रस्त्याच्या कडेला न उभी राहता वाहतुकीच्या मधोमध किंवा दुभाजकात मोठ्या बुंध्याची रांग असेल तर ती बहुधा जुनी कड आहे. दोन झाडांच्या रांगांमधलं अंतर पावलांनी मोजलं की पूर्वीची रुंदी हाती येते. एका बाजूची घरं जुनी आणि दुसऱ्या बाजूची सगळी एकाच काळातली नवी, तर रस्ता त्या दुसऱ्या बाजूला खाल्ला गेला.

पाडलेल्या इमारतीची आकृती शेजारच्या भिंतीवर राहते: तिरप्या छपराची रेघ, जिन्याचा नागमोडी डाग, तुळया बसवलेल्या खोबणी. सगळ्या रस्त्यांच्या जाळ्यात एकच रस्ता विनाकारण वळणं घेत असेल तर तिथे पूर्वी ओढा किंवा जुनी पायवाट असण्याची शक्यता धरा. पावसात पाणी कुठे साचतं हे विचारलं की खात्री होते. एखादी इमारत रस्त्याशी तिरकी उभी असेल तर ती आजच्या रस्त्याआधीच्या वाटेला समांतर आहे का ते पाहा. गटाराच्या झाकणांवर साल आणि खात्याचं जुनं नाव ओतलेलं सापडतं, मात्र झाकणं एका जागची दुसरीकडे बसवली जातात, म्हणून नुसत्या झाकणावर काळ ठरवू नका.

आणि एक, 'सगळं लहान झालं' या भावनेबद्दल. सहा वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण एक मीटरवर असतात. दीड मीटरची कुंपणभिंत त्याच्यासाठी क्षितिज झाकणारी होती, मोठ्या माणसाला तीवरून पलीकडचं दिसतं. मोबाइल एक मीटर उंचीवर धरून तोच कोपरा टिपा. लहानपणी तिथे राहिलेल्यांना या चित्रात जागा चटकन ओळखू येते.

छायाप्रकाश

जोतं यांचा प्रतिसाद फार आवडला. जुन्या फोटोंच्या जागा शोधण्याबद्दल मी भर घालतो, कारण तिथे माणसं नको तिथे वेळ घालवतात.

फोटोतली रचना फक्त एका गोष्टीवर ठरते, कॅमेरा कुठे होता. भिंग कुठलं होतं याने फक्त किती भाग चौकटीत आला ते ठरतं. म्हणून आधी उभं राहायची जागा शोधा, चौकट नंतर.

जुन्या फोटोची एफोरवर प्रत काढा. त्यात डावीकडे एक जोडी निवडा: जवळची वस्तू आणि तिच्याच मागे दिसणारी लांबची वस्तू. उदाहरणार्थ, खिडकीची उभी कड आणि तिच्यामागे दिसणारं मनोऱ्याचं टोक. तशीच एक जोडी उजवीकडे. जागेवर जाऊन डावी जोडी जुळेपर्यंत आडवे सरका. ती जुळली की तुम्ही बरोबर रेषेवर आहात, पण त्या रेषेवर पुढे की मागे हे ठरायचंय. आता डावी जोडी न सोडता पुढे-मागे व्हा, उजवी जोडी जुळेल तो बिंदू तुमचा. दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथेच फोटो काढला गेला होता. लांबच्या दोन वस्तूंची जोडी घेऊ नका, ती चार पावलं सरकूनही तशीच दिसते आणि फसवते.

मग उंची. पोटाशी धरून वरून काचेत बघायचे चौकोनी कॅमेरे एके काळी घरोघरी होते. फोटो चौरस असेल तर कॅमेरा एक ते सव्वा मीटरवर असण्याची शक्यता मोठी. डोळ्याच्या उंचीवरून तो कधीच जुळणार नाही, गुडघे वाकवावे लागतात.

चौकट जुळवताना: ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याला बहुधा ५० मिलिमीटरचं भिंग असे. मोबाइलचा मुख्य कॅमेरा त्या हिशेबात २४ ते २८ मिलिमीटरचा, म्हणून दुप्पट झूमवर ठेवा. चौकट भरण्यासाठी पुढे चालत गेलात की केलेली सगळी मेहनत वाया.

सावल्याही जुळवायच्या असतील तर सूर्य वर्षातून दोनदा त्याच वाटेने जातो हे वापरा. २१ जूनच्या आधी जितके दिवस, नंतर तितकेच दिवस. २० एप्रिलच्या फोटोसाठी २२ ऑगस्टची तारीख चालते, घड्याळात चार-पाच मिनिटांचा फरक. त्या मोसमात आभाळ मोकळं असेल का, तेवढं आधी बघा.

जागा सापडली पण तिथे आज भिंत किंवा भर रस्ता असेल तर हट्ट करू नका. रेषेवर मागे या आणि फरक टिपणात लिहा.

शेवटचा_थांबा

पहिल्या दिवशी काय करावं यावर अजून कुणी लिहिलं नाही. माझं मत: पहिला फेरा नकाशाशिवाय, नेहमीच्या वाटेने, तेव्हा ज्या वेळी जायचात त्याच वेळी. मोबाइल खिशात, फक्त रस्ता नोंदवणारं अ‍ॅप चालू. ज्या परिस्थितीत गोष्ट शिकलो त्याच परिस्थितीत ती नीट आठवते, हे गॉडन आणि बॅडली यांनी १९७५ साली पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांवर प्रयोग करून दाखवलं होतं: पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले. वाटेत काही सुचलं तर दहा-पंधरा सेकंदांची ध्वनिनोंद करा. संध्याकाळी लिहीन म्हटलं तर निम्मं जातं.

वाट दोन्ही दिशांनी चाला. जाताना दिसणाऱ्या खुणा येताना पाठीमागे असतात, आणि शाळेत जायची वाट व परतायची वाट डोक्यात स्वतंत्र साठवलेल्या असतात. बसने जायचा रस्ता असेल तर बसनेच जा आणि शक्य तर नेहमीच्या बाजूला बसा. बसच्या खिडकीतून पाहिलेला रस्ता पायी चालताना अनोळखी वाटतो. थांब्यांची नावं नीट ऐका. गिरणी, नाका, चित्रपटगृह जमीनदोस्त झालं तरी थांब्याचं नाव पुष्कळदा तेच राहतं.

पण परत जाण्यातला खरा लाभ मला पाऊलवाट यांनी सांगितलेल्या मोकळ्या जागांमध्ये वाटतो. आठवणीतल्या वाटा आजच्या नकाशावर रंगवा आणि प्रत्येक वाटेच्या दोन्ही बाजूंना २०० मीटरचा पट्टा भरा. शहराचा किती थोडा भाग रंगला ते बघा. दहा वर्षं राहिलेल्या माणसालाही शहर पट्ट्यापट्ट्यांनीच माहीत असतं. उरलेल्या कोऱ्या भागात जायचा सोपा मार्ग म्हणजे ओळखीच्या बसचा शेवटचा थांबा गाठायचा आणि तिथून ओळखीच्या भागाकडे पायी यायचं. दुसरा मार्ग, जी कड कधी ओलांडली नाही ती ओलांडायची: रेल्वेमार्गापलीकडे, नदीपलीकडे, कारखान्याच्या मागे.

वेळेचा हिशेब: नुसतं चालणं ताशी साडेचार-पाच किलोमीटर, पण बघत, टिपत, विचारत चाललात तर दोन-अडीच. दिवसाला सहा-सात किलोमीटरपेक्षा जास्त आखू नका.

ओसरी

वयस्कर आईवडिलांना त्यांच्या जुन्या शहरात घेऊन जाणाऱ्यांसाठी कुणी सांगेल का? त्यांना एवढं चालवत नाही.

पाऊलवाट

@ओसरी, त्यांच्यासाठी क्रम उलटा करा. आधी तुम्ही एकट्याने जाऊन रस्ता पाहून या: बसायला जागा कुठे, स्वच्छतागृह कुठे, गाडी दारापर्यंत जाते का. मग त्यांना एका वेळी एकच ठिकाण, तीनशे-चारशे मीटरचं चालणं, सकाळी. त्यांनी सांगितलेलं चुकीचं वाटलं तरी तिथल्या तिथे दुरुस्त करू नका, नोंदवून घ्या. दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणीही जास्त ठसठशीत राहतात, त्यामुळे त्यांचा क्रम आणि तुमचा नकाशा यांत तफावत आली तर आधी नकाशाचं साल तपासा. निघण्याआधी, काय उरलेलं नाही ते स्पष्ट सांगून ठेवा. रिकाम्या प्लॉटसमोर उभं करून सांगणं क्रूर आहे.

जुन्या घराबाबत: आज तिथे दुसरं कुटुंब राहतं. आधी शेजाऱ्यांकडून किंवा इमारतीच्या पहारेकऱ्याकडून निरोप द्या, दुपारी झोपेच्या आणि रात्री जेवणाच्या वेळी जाऊ नका, दोघांहून जास्त जण नकोत. दाराबाहेरूनच बोला, आत या म्हटलं तर दहा मिनिटं. जुन्या घराचा फोटो छापून त्यांना द्यायला न्या, त्यांनाही तो हवा असतो. आतले फोटो विचारल्याशिवाय नकोत, आणि बाहेरचा फोटो सार्वजनिक करताना त्यातली स्थळाची माहिती काढून टाका.

ओसरी

मनापासून आभार. शेवटचा प्रश्न: रस्त्याचं नावही बदललंय आणि घरांचे क्रमांकही. जुना पत्ता नव्या पत्त्याशी कसा जोडायचा?

नकाशेवेडा

नाव आणि क्रमांक वेगवेगळे सोडवा. नावासाठी ओपनस्ट्रीटमॅप या, कुणालाही भर घालता येणाऱ्या मोफत नकाशात त्या रस्त्यावर टिचकी मारा. कुणी भरलं असेल तर जुनं नाव वेगळ्या टॅगमध्ये, म्हणजे माहितीच्या रकान्यात, दिसतं. नाही दिसलं तर पालिकेचे नामांतराचे ठराव, किंवा त्या रस्त्यावरच्या जुन्या संस्थेचं लेटरहेड. एकच नाव दोन रस्त्यांना वेगवेगळ्या काळात दिलेलं असू शकतं, म्हणून साल जुळवा.

क्रमांकासाठी एक न हललेली इमारत पकडा, जिचा जुना आणि नवा दोन्ही क्रमांक मिळतो: शाळा, टपाल कार्यालय, प्रार्थनास्थळ. जुना क्रमांक त्या काळच्या दूरध्वनी निर्देशिकेत सापडतो. अशा दोन इमारती मिळाल्या की मधली घरं मोजत जा. सम-विषम बाजू पूर्वी होत्या का, ते आधी ठरवा. काही ठिकाणी क्रमांक एका बाजूने टोकापर्यंत जाऊन दुसऱ्या बाजूने परत येत, काही ठिकाणी घर बांधलं त्या क्रमाने. भूखंडांची विभागणी झाली असेल तर मोजणी चुकते, तेव्हा घरं न मोजता दर्शनी रुंदी मोजा. जुना पत्ता सापडला की ओपनस्ट्रीटमॅपवर जुन्या नावाचा टॅग नसेल तर तो भरा, पुढच्याचा शोध वाचेल.